विद्या आणि वाडीचं पाणी

विद्याच्या भावाचा, सुधीरचा फोन आला तेव्हा मी कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होते. "ताई गेली," एवढंच तो म्हणाला आणि मी विचारलं, "कुठे?" ... सकाळी चहा ठेवायला उठली ती ओट्यापाशीच कोसळली. आता काही आठवडे झाले, तरी माझा तो वेडा प्रश्न कानातून जात नाही.

ती रसायनशास्त्र शिकवायची, मी भौतिकशास्त्र. गंगापूर रोडवरच्या तिच्या घरात, मागच्या खोलीत आम्ही दोघींनी मिळून एक डबा तयार केला होता. पाण्यातलं शिसं उजेडावरून ओळखणारा. तिने बनवलेलं द्रावण निळ्या प्रकाशात हिरवं चमकायचं आणि पाण्यात शिसं असलं की ती चमक मंदावायची. किती मंदावली ते मोजायचं काम माझं. विहिरीच्या काठावर उभ्या असलेल्या बाईला तिथल्या तिथे कळलं पाहिजे, हा विद्याचा हट्ट.

सायखेड्याच्या अलीकडच्या एका वाडीवर इंदूबाईंच्या विहिरीचं पाणी तपासलं आणि चमक एकदम उतरली. "ताई, पाणी तर कसं नितळ हाय. यात काय असणार?" इंदूबाई म्हणाल्या. पण विद्याच्या शब्दाखातर त्यांनी विहीर सोडली आणि घरातल्या बायका लांबच्या बोअरवेलवरून हंडे वाहू लागल्या. पुढे लॅबचा रिपोर्ट आला. विहिरीत शिसं नव्हतंच. आसपासच्या द्राक्षबागांवर मोरचूद मारतात, त्यातलं थोडं तांबं, पिणाऱ्याला अपाय होणार नाही इतकंच, पाण्यात उतरलं होतं आणि तांब्यानेही आमची चमक मंदावत होती. मी म्हटलं, "फोन करून सांग ना." विद्या म्हणाली, "विहीर बंद करायला घरी गेले होते. उघडायलाही घरीच जायचं."

आम्ही गेलो. इंदूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मंग आता खरं कोणतं समजायचं? तवाचं का आताचं?"

"आताचं. तेव्हा माझं चुकलं," विद्या म्हणाली.

तरी त्या घरातल्या बायका बोअरवेलचंच पाणी नेत राहिल्या. नंतर कित्येक दिवस खपून विद्याने तांबं आधीच वेगळं ओळखता येईल अशी सोय केली आणि आम्ही पुन्हा वाडीवर गेलो, या वेळी त्या बोअरवेलवर. तांबं नव्हतं. तरीही चमक उतरली. विद्याचा चेहरा मला अजून दिसतो... चांगल्या पाण्यावरून उठवून तिने त्या बायकांना इथे पाठवलं होतं. लॅबसाठी पाणी मागितलं तर बोअरवेलचा मालक म्हणाला, "तुमचा डबा मागंबी असंच म्हणला व्हता. आता नाय." त्याने मोटर बंद केली. इंदूबाई खाली बघत उभ्या होत्या. परतताना गाडीत विद्या म्हणाली, "त्यांचं काय चुकलं? मी असते तरी ऐकलं नसतं... पण या वेळी माझं बरोबर असेल तर?" पुन्हा जायचं ठरत होतं. ते राहून गेलं.

गेल्या आठवड्यात सुधीरने मला बोलावून घेतलं. इंदूबाई विद्याला शोधत आल्या होत्या. त्यांना काहीच माहीत नव्हतं. पदराखाली बोअरवेलच्या पाण्याची बाटली. "नातीचं पोट सारखं दुखतंय," त्या म्हणाल्या, आणि विद्या गेल्याचं कळल्यावर भिंतीला टेकून खाली बसल्या.

मी मागच्या खोलीत डबा उघडला. आधी तांबं तपासलं. नव्हतं. मग द्रावणाचे थेंब सोडले आणि हिरवी चमक मंदावत गेली. इंदूबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"नातीला डॉक्टरकडे न्या, या पाण्याचं सांगा. बाकीचं पाणी मी लॅबला पाठवते. तोवर नका पिऊ."

"ताईबी असंच म्हणल्या व्हत्या," त्या म्हणाल्या.

त्या गेल्यावर मी डबा बंद केला. झाकणावर विद्याच्या अक्षरातली पट्टी आहे, विहिरीच्या त्या चुकीनंतर तिने चिकटवलेली. 'आधी तांबं बघ. मग बोल.'

बघितलं, विद्या. आणि बोललेसुद्धा. रिपोर्ट अजून यायचा आहे.