केरबा फुलबॅक आणि तालमीची भिंत

केरबा सुट्टीवर आला की ट्रंकेतून आधी हॉकीची काठी काढायचा, आईच्या पाया पडायचं ते नंतर. काठीला तेल लावायचा, मऊ फडक्यात गुंडाळून उशाला घ्यायचा. त्याची आई भामाबाई शेजारणींना सांगायची, "सून आणाय सवड न्हाई गावली, पर सोय झालीया. हिला रोज तेल, आन् मला महिन्यातनं एक पत्र."

केरबा फौजेत शिपाई, आणि पलटणीच्या हॉकी संघात फुलबॅक. समोरून सणसणत येणारा चेंडू काठीवर अडवायचा आणि परत हाणायचा, एवढंच ते काम. पण केरबा सांगायचा अशा थाटात, की हा मागे उभा नसता तर देशाचं काही खरं नव्हतं.

पासष्ट सालच्या जानेवारीत मात्र गडी उतरल्या चेहऱ्यानं आला. शेवटच्या सामन्यात दोन चेंडू त्याच्या पायांमधून निघून गेले होते. सुभेदारानं बजावलं होतं, दोन महिन्यांची सुट्टी संपली की परीक्षा. चेंडू अडला तर संघात, नाहीतर जागा दुसऱ्याला. आता आमच्या गावात त्याला चेंडू मारणार कोण? सांगलीच्या पुढं दोन कोसांवरचं गाव आमचं. कुस्ती आणि हुतूतू सोडून तिसरा खेळ म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावणं, आणि त्यात मी पहिल्या नंबरचा.

एकट्यानं सराव करायचा तर भिंत लागते. चेंडू मारावा, आदळून परत यावा, अडवावा. गावातल्या भिंती सगळ्या पांढऱ्या मातीच्या. चेंडू मारला असता तर पलीकडं चुलीवरच्या आमटीत सापडला असता. दगडी, गिलावा केलेली, पुढं सपाट जागा असलेली भिंत एकच, तालमीची मागची. केरबानं तीन सकाळी तिथं चेंडू मारला. चौथ्या दिवशी लालासाहेबांच्या ओट्यावर बैठक बसली.

लालासाहेब तालमीचे कारभारी. तीनच महिन्यांपूर्वी टोकियोच्या ऑलिंपिकात आपण हॉकीत सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा रेडिओवर ऐकून गावभर पेढे वाटलेला माणूस. पण केरबाची वस्ती ओढ्यापलीकडली. आठ वर्षांपूर्वी वस्तीनं बौद्ध धर्म घेतला होता, तरी गावाच्या तोंडात तिचं जुनंच नाव होतं. कायदा झालेला असल्यामुळं मनातलं तोंडावर आणायची मात्र चोरी.

"भिंतीला त्यो कुठं शिवतोय? चेंडू शिवतोय," जोतिबा म्हणाला. हा लालासाहेबांचा भाचा, डोक्यानं जरा सरळ.

"चेंडू कुणाच्या हातातला?"

"हातातला न्हवं, काठीनं मारतोय."

"काठी कुणाच्या हातात हाय?"

जोतिबानं डोकं खाजवलं. "आन् मामा, भिंतीला लागून परत जातोय त्यो चेंडू पवित्र हून जात आसंल, तर मग हिशेब फिटला की."

लालासाहेबांनी त्याला चहा आणायला आत पिटाळलं. तो चहा मीही प्यालो. चांगला गुळाचा होता, खोटं कशाला बोलू.

शेवटी केरबाला बोलावून सांगण्यात आलं, की गिलावा पडतोय.

"आवं, पडला तर मी सिमिट आणून लावून देतो की," केरबा म्हणाला.

लालासाहेब दचकलेच. चेंडू परवडला, हा तर हातच लावायला निघाला! "नगं, नगं. भिंत जुनी हाय. तुजी सोय तूच बघ."

केरबानं बघितली. त्याचा मामा धोंडीबा रेल्वेत गँगमन होता. रुळाखालचे दोन मोडीत निघालेले लाकडी स्लीपर मामा-भाच्यांनी स्टेशनावरून खांद्यावर आणले. वस्तीच्या माळावर ते कुशीवर उभे केले, मागं खुंट्या ठोकल्या. नुसत्या लाकडावरून चेंडू मरगळून परतायचा, म्हणून केरबा सांगलीला गेला. हळदपेठेजवळ टायरच्या चपला करणाऱ्याकडून ट्रकच्या टायरच्या लांब पट्ट्या आणल्या आणि स्लीपरवर खिळ्यांनी मारल्या. फळी तयार झाली.

फळी तयार झाली म्हणजे केरबाचे हाल सुरू झाले. लाकूड वाकडं, जुन्या खिळ्यांची भोकं, त्यावर टायरची नक्षी. तालमीच्या भिंतीवरून चेंडू शहाण्या पोरासारखा सरळ घरी यायचा. हा डावीकडं मारला तर उजवीकडं निघायचा, जमिनीलगत मारला तर हनुवटीला यायचा. आठवड्यात दोन्ही नडग्या वांग्यासारख्या झाल्या.

गाव ओढ्याच्या अलीकडं उभं राहून बघायचं. बघण्यानं बाटत नाही, एवढी सवलत होती.

"फुलबॅक, आज कोण जिकलं रं?" जोतिबा ओरडायचा.

"फळी!" केरबा मोकळ्या मनानं सांगायचा आणि पुन्हा काठी उचलायचा.

भामाबाई हळदीचा लेप लावताना कुरकुरायची, "सरकारनं चिनी लोकांशी लढाया ठिवलाय तुला, आन् तू लाकडाचा मार खाऊन यितोस."

पण दुसऱ्या महिन्यात माळावरचा आवाज बदलला. आधी ठक् आणि मागोमाग शिवी ऐकू यायची. आता ठक्, टक्, ठक्, टक्. चेंडू कुठूनही येवो, काठी आधीच तिथं. चेंडू तिच्याशी येऊन निमूट थांबायचा. मग सुट्टी संपली आणि केरबा पलटणीत परत गेला.

एप्रिलात पत्र आलं. भामाबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून ते माझ्याकडं आलं. म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाकडं गेलं. केरबा संघात होता. सुभेदारानं वीस चेंडू मारायला लावले, एकोणीस अडले. 'सपाट मैदानावर चेंडू गोगलगायीवानी येतोय आसं वाटलं,' असं त्यानं लिहिलं होतं. 'सुभेदारसाहेबांनी इचारलं, कुठं शिकलास? म्हणलं, फळीवर. भिंत गावली आसती तर सरळच चेंडू अडवत बसलो आसतो.'

ते शेवटचं वाक्य मी वाचलं नसतं तर बरं झालं असतं. दुसऱ्याच दिवशी लालासाहेब चार माणसं घेऊन ओढा ओलांडून आले. नारळ घेऊन. आयुष्यात पहिल्यांदा.

"भामाबाई, गावाचं नाव काढलं पोरानं," माळावर उभं राहून ते म्हणाले. "आता लोक कायबी बोलतील, पर खरं काय ते पत्रातच हाय. आमी भिंत दिली न्हाई, म्हनून त्यो घडला. त्या वक्ती वाईट वाटलं आसंल, पर मानसाला घडवायचं तर कठोर व्हावं लागतंय."

बरोबरच्या चौघांनी माना डोलावल्या. त्यातली एक मान माझी होती.

लालासाहेबांनी वीतभर उंचीवरून, बोट लागणार नाही अशा बेतानं, नारळ सोडला. भामाबाईनं तो पदरात अलगद झेलला.

"लय उपकार झालं, लालासाहेब," ती म्हणाली. "आता बसा जरा, आन् अजून आमाला काय काय दिलं न्हाई ते समदं आठवून सांगा. म्हंजी पोरगं कुठवर जाईल ते मला कळंल."