कुणालाही न सांगायची गोष्ट

नवऱ्याची नोकरी गेली तेव्हा मी ते अख्ख्या वाकोल्यात एकाच व्यक्तीला सांगितलं, खालच्या मजल्यावरच्या मावशींना. तेही बायबलवर हात ठेवायला लावून. "कुणाला सांगायचं नाही हां, मावशी."

"एकाही माणसाला सांगणार नाही," त्या म्हणाल्या.

त्या शुक्रवारी प्रार्थनासभा आमच्याच घरी होती. चर्चमधली पंधरा माणसं दाटीवाटीने बसली. सगळ्यांनी डोळे मिटले आणि मावशी खणखणीत आवाजात सुरू झाल्या, "हे प्रभू, हिच्या नवऱ्याची नोकरी गेलीय, हे मी फक्त तुलाच सांगते. ही हट्टी आहे, कुणाकडे मागणार नाही. परवा हिच्या ताटात नुसती चटणी-चपाती होती, प्रभू."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण प्रार्थना चालू असताना भांडायचं कसं? एक डोळा उघडून रागाने पाहिलं, तर त्यांचाही एक डोळा उघडा, माझ्यावरच! शेवटी सगळे "आमेन" म्हणाले आणि लहानपणापासूनच्या सवयीने मीसुद्धा म्हणाले. स्वतःच्याच चहाडीवर सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बेल वाजत राहिली. कोणी सुकं मटण आणलं, कोणी तांदूळ, कोणी नवऱ्यासाठी एका ऑफिसचा पत्ता. मी तणतणत मावशींशी भांडायला खाली गेले आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून आले.

आता काही अडलं की मी आधी गुडघे टेकते. मग खाली जाऊन मावशींना बजावते, "कुणाला सांगायचं नाही हां!"