नेपल्सला कधी जावं

आई गेल्यानंतर बाबा नाशिकचं घर बंद करून आमच्याकडे कतारमध्ये, दोह्याला राहायला आले. अल सद्दमधल्या फ्लॅटमध्ये ते दिवसभर एकटेच. मी आणि बायको वेस्ट बे भागातल्या ऑफिसात, मुलगी शाळेत. त्यामुळे जेवताना मी एकदा "इटलीत नेपल्सला जाऊ या" म्हणालो, तेव्हा बाबांना जणू कामच मिळालं.

रोज संध्याकाळी ते टॅबलेटवर वाचलेलं सांगायचे. "ऑगस्टमध्ये नको. इथल्यासारखेच भाजून निघाल. शिवाय तिथली माणसंच तेव्हा सुट्टीवर गेलेली असतात, निम्मी दुकानं बंद." नोव्हेंबर पावसाचा. डिसेंबरात थंडी फार नसते, पण अंधार लवकर पडतो. "वसंतात सगळ्यात छान. नाहीतर ऑक्टोबर. समुद्राचं पाणी तेव्हाही कोमट असतं."

मुलीला ऑक्टोबरात सुट्टी होती. मी आमची तिघांची तिकिटं काढली, आणि बाबांचं पुण्याचं, ताईकडे. तिथे त्यांना बरं वाटेल, असं आम्ही दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं. त्यांना विचारलं नव्हतं.

सांगायचं आज-उद्या करत राहिलो. एका संध्याकाळी त्यांनीच विचारलं, "अरे, माझा जाड स्वेटर नाशिकलाच राहिलाय. ऑक्टोबरात तिथे हाफ स्वेटरवर भागेल ना?"

बायको चहा गाळता गाळता थांबली. मुलगी म्हणाली, "बट आजोबा, यू आर गोइंग टू पुणे, ना?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "हो, हो. पुण्यात कशाला लागतोय स्वेटर." आणि टॅबलेट चार्जिंगला लावायला उठले.

मी त्यांच्या व्हिसासाठी धावपळ केली. वेळेत तारीख मिळाली नाही. ट्रिप पुढे ढकलू, असं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. रजा मंजूर झाली होती, हॉटेल ठरलं होतं. कारणं काय, होतीच.

नेपल्सची हवा बाबांनी सांगितली होती तशीच निघाली. मुलगी पाण्यात पाय बुडवून खिदळत होती. मी फोन लावला.

"पाऊस नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही, बाबा."

"मग झालं तर."

मी फोन बायकोकडे दिला.

मार्चअखेर, मुलीची परीक्षा संपल्यावर, आम्ही चौघं पुन्हा गेलो. आता तरी मन हलकं होईल असं मला वाटलं होतं. बाबा खूश होते, चढाच्या गल्ल्यांतून हौसेने चालले. पण कॉफी मागवण्याआधी माझ्याकडे बघून विचारायचे, "चालेल ना?" आणि हॉटेलवर परतलो की सुनेला म्हणायचे, "मला आणलंत, फार बरं केलंत."

"असं काय बोलता, बाबा!" ती म्हणायची.

मी बुटांच्या नाड्या सोडत खाली बघत बसायचो.