साडभाऊ सॉफ्टवेअर निवडतात

माझे साडभाऊ माणसाकडे गुडघ्याच्या वर पाहतच नाहीत. हे ज्यांना खोटं वाटेल त्यांची आणि साडभाऊंची अजून गाठ पडलेली नाही, एवढंच मी म्हणेन. भंडाऱ्यात बस स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं क्लिनिक आहे. ज्यांचा पाय अपघातात किंवा साखरेच्या आजारात गेला त्यांना ते पाय करून देतात, आणि ज्यांचा पाय आहे पण साथ देत नाही त्यांना कॅलिपर, पट्टे, बूट करून देतात. गावात या वस्तूला सगळे 'नकली पाय' म्हणतात, पण त्यांच्यासमोर तो शब्द काढायची सोय नाही. "नकली नोट राहते जी," ते शांतपणे म्हणतात. "पायाचं तसं नाही. तो चालवते, नाहीतर नाही चालवत."

माझ्या बायकोची थोरली बहीण, म्हणजे आमच्या ताई, त्यांच्या घरात, म्हणून आम्ही एकमेकांचे साडभाऊ. मला पाहायला सासरची मंडळी आली तेव्हा बाकीच्यांनी नोकरी विचारली, घर विचारलं. हे गृहस्थ मात्र दारात जाऊन बसले, माझी एक चप्पल उलटी करून टाचेवरून अंगठा फिरवला आणि सासऱ्यांना म्हणाले, "पोरगा चांगला आहे. टाच बाहेरून झिजून राहिली, पण ते आपण करून घेऊ." लग्नात लोकांनी भांडी दिली, यांनी बुटात घालायचे दोन तळवे दिले. जुने झाले की ते स्वतःच नवे आणून देतात आणि मीही मुकाट्याने घालतो, कारण तेव्हापासून माझी कंबर दुखलेली नाही.

मोहाडीच्या आठवडी बाजारात एकदा ते माझ्याबरोबर वांगी घेत होते आणि घेता घेता नाहीसे झाले. शोधलं तर एका अनोळखी म्हाताऱ्याच्या मागे मागे चालले होते. म्हातारा खिसा धरून भरभर चालायला लागला की हेही भरभर चालायचे. शेवटी तो थांबला आणि म्हणाला, "काहून मागं लागले जी तुम्ही माझ्या?" साडभाऊ म्हणाले, "तुमचा डावा पाय आखूड आहे. तुमाले कोणी सांगतलं नाही काय?" त्या माणसाची सत्तरी उलटली होती आणि खरंच कोणी सांगितलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात तो क्लिनिकला आला, उंच तळव्याची चप्पल घेऊन गेला, आणि नंतर आपल्या तिन्ही भावांना दाखवायला घेऊन आला. त्यांचे पाय बरोबर होते. त्याची त्यालाच थोडी निराशा झाली.

त्यांच्या घरातला फोटोंचा अल्बम पाहण्यासारखा आहे. वैनगंगेच्या काठी ताई उभ्या आहेत असं त्या सांगतात म्हणून मानायचं. फोटोत नदी आहे, काठाचे दगड आहेत आणि ताईंच्या साडीची किनार आहे. "तोंड तर मी रोज पाहतोच ना," असं त्यांचं त्यावर म्हणणं असतं.

अशा माणसाने क्लिनिक कागदावर चालवलं असतं तर नवल होतं. पेशंटचं नाव, माप, पट्टा कधी बदलला, पुन्हा कधी बोलवायचं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असायचं आणि ते डोकं पक्कं होतं. मागच्या खोलीतले दोन कारागीर ते सांगतील तसं बनवायचे आणि काउंटरवर बसणारी वर्षा नावाची मुलगी फक्त दार उघडायची, फोन घ्यायची आणि म्हणायची, "सरांना विचारून सांगते."

मग एका पावसाळ्याच्या शेवटी सरांना डेंगी झाला. आधी दवाखान्यात आणि मग घरी असे ते दिवाळीपर्यंत अंथरुणाला होते. वर्षा दार उघडत होती, पण विचारायला कोणी नव्हतं. कोंढ्याच्या आरोही नावाच्या लहान मुलीचे पाय जन्मतः आत वळलेले होते. डॉक्टरांनी प्लास्टर लावून ते सरळ केले होते आणि साडभाऊंनी तिला मधे दांडी असलेले बूट दिले होते. ते तिने रोज रात्री घालायचे होते. पोर वाढते तसा बूट बदलावा लागतो. कधी बोलवायचं हे साडभाऊंना माहीत होतं, पण ते तापात होते. बूट घट्ट झाले, पोर रडू लागली, आणि आईने ते काढून ठेवले. पाय तर सरळ झालेच आहेत, असं तिला वाटलं. दिवाळीनंतर ती मुलीला घेऊन आली तेव्हा एक पाऊल पुन्हा आत वळायला लागलं होतं.

पुन्हा प्लास्टर, पुन्हा सगळं पहिल्यापासून. आई साडभाऊंना दोष देत नव्हती, उलट स्वतःलाच बोलत होती, आणि ते त्यांना सहन झालं नाही. त्या संध्याकाळी ते कारध्याला माझ्या घरी आले. चहा तसाच ठेवला. "साडभाऊ," ते म्हणाले, "माझं डोकं आजारी पडलं तर लोकायचे पाय आजारी पडून राहिले. हे बरोबर नाही. तुम्ही कॉलेजात पोरांले कम्प्युटर शिकवता. मले एखादं सॉफ्टवेअर पाहून द्या."

मला वाटलं सोपं काम आहे. कोण आला, त्याला काय करून दिलं, पुन्हा कधी बोलवायचं, हे लिहून ठेवायचं आणि वेळेवर आठवण द्यायची. एवढं करणारी सॉफ्टवेअरं आज पैशाला पासरी मिळतात. पण साडभाऊ ती निवडणार होते.

पहिला विक्रेता नागपूरहून टाय लावून आला. त्याचं सॉफ्टवेअर सगळ्या क्लिनिकांना चालतं, असं तो म्हणाला. त्याने लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर बत्तीस दातांचा जबडा आला. साडभाऊंनी तो बराच वेळ आदराने पाहिला. मग विचारलं, "यात पाय कुठं आहे?" विक्रेत्याने खाली एक चौकोन दाखवला. त्यावर 'इतर' असं लिहिलेलं होतं. "माणूस पाय घेऊन माझ्याकडे येऊन राहिला," साडभाऊ म्हणाले, "अन् तुम्ही त्याले 'इतर'मधी टाकून राहिले." त्याला चहा दिला, त्याच्या बुटांची नाडी चुकीच्या भोकातून घेतली होती ती नीट करून दिली आणि निरोप दिला.

दुसरं सॉफ्टवेअर परदेशातल्या क्लिनिकांसाठी केलेलं होतं. ते दाखवणारा माणूस व्हिडिओवर होता. त्या दिवशी मोहाडीकडच्या शेवंताबाई पट्टा दुरुस्त करायला आल्या होत्या, म्हणून त्यांचीच माहिती भरून पाहू असं ठरलं. विम्याचं पान संपेचना. विमा कोणत्या कंपनीचा, हे भरल्याशिवाय ते पुढे जाऊ देत नव्हतं. वर्षाने विचारलं, "मावशी, विमा आहे काय?" शेवंताबाई म्हणाल्या, "म्हशीचा हाये." साडभाऊंचं मत पडलं की म्हशीचाच भरून पाहा. भरला. सॉफ्टवेअर पुढे गेलं आणि म्हशीची जन्मतारीख विचारू लागलं.

शेवंताबाईंबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यावरच अडलं. मळणीच्या मशीनमध्ये त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता. साडभाऊंनी पहिला पाय करून दिला, तो घालून त्या घरात, बाजारात झकास चालायच्या. पण त्यांना रोवणा करायचा होता, म्हणजे चिखलात उभं राहून धानाची रोपं लावायची होती. पहिल्याच पावसाळ्यात त्या नुसत्याच काठीवर, मुलाच्या खांद्याला धरून क्लिनिकला आल्या. "पाय बांधीतच राहिला जी," त्या म्हणाल्या, "अन् मी धुऱ्यावर." बांधी म्हणजे धानाचं शेत आणि धुरा म्हणजे त्याचा बांध. चिखलाने पाऊल ओढून घेतलं होतं. साडभाऊ आधी पोटभर हसले आणि मग पुढचा सगळा उन्हाळा त्या चिखलाच्या मागे लागले. अंगणात खड्डा करून त्यात माती कालवली आणि वेगवेगळ्या आकाराची पावलं त्यात रुतवून उपटून पाहिली. ताई गच्चीवरून हे पाहायच्या आणि कोणी विचारलं तर आपला काही संबंध नाही असं सांगायच्या. शेवटी निमुळत्या बुडाचा, मांडीला पट्ट्याने बांधायचा पाय तयार झाला. तो चिखलातून अलगद निघायचा. त्यामुळे शेवंताबाईंकडे आता डावे पाय दोन होते, एक बांधीचा आणि एक बाजाराचा.

तिसरं सॉफ्टवेअर मला स्वतःला पसंत होतं. देखणं, मराठीत, आणि त्यात पाय होते. वर्षाने शेवंताबाईंचा बाजाराचा पाय भरला, मग बांधीचा भरायला घेतला. पडद्यावर लाल अक्षरं आली: डावा पाय आधीच नोंदवला आहे. विक्रेता म्हणाला, "सर, जुना काढून टाका ना."

"काहून काढू?"

"एका पेशंटला डावा पाय एकच असतो, सर."

"तुमाले एकच आहे," साडभाऊ म्हणाले. "ह्या बाईले दोन आहेत."

विक्रेता म्हणाला, होईल सर, करून देऊ सर, आधी घ्या तर. साडभाऊंनी घेतलं नाही. यानंतर प्रत्येक विक्रेत्याला पहिला प्रश्न तोच, आणि प्रत्येकाचं उत्तर "होईल सर". मी कंटाळलो. ताई म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला पाहताना यांनी एवढं पाहिलं नव्हतं." मी त्यांना चपलेची आठवण करून दिली.

मग एक मुलगी आली. नागपूरलाच दोघा-तिघा मित्रांबरोबर तिने छोटी कंपनी काढली होती. जीन्स, पाठीवर बॅग, आणि बोलणं आपल्यासारखं. साडभाऊंनी दोन डाव्या पायांचा प्रश्न टाकला. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "नाही होत. आमच्यात आता तरी नाही होत."

साडभाऊ खुर्चीत सरळ बसले. इतक्या दिवसांत 'नाही' हा शब्द ते पहिल्यांदा ऐकत होते. ती पुढे म्हणाली, "मी एक दिवस इथं बसून पाहू काय? मला तुमचं काम कळलंच नाही आहे अजून."

ती दिवसभर बसली. माप घेताना, प्लास्टर ओतताना, सॉकेट म्हणजे उरलेला पाय बसतो ती वाटी घासताना सगळं पाहिलं, जीन्सवर पांढरे डाग पाडून घेतले आणि आरोहीच्या आईशी बराच वेळ बोलली. जाताना म्हणाली की आपण सगळे माणसाचं कार्ड करतो आणि त्यात पायाला जागा देतो, तिथेच चुकतं. प्रत्येक पायाचं, प्रत्येक बुटाचं वेगळं कार्ड हवं: कशासाठी केला, कधी दुरुस्त झाला, पुन्हा कधी पाहायचा. मग एका माणसाला कितीही पाय असू देत. साडभाऊ तिला बस स्टँडपर्यंत पोचवायला गेले. परत आल्यावर म्हणाले, "पोरगी दोन्ही पायांवर सारखा भार टाकते." त्यांच्याकडून याहून मोठी शिफारस मी ऐकलेली नाही.

महिन्याभराने ती सगळं करून घेऊन आली. आता साडभाऊंच्या डोक्यातलं कम्प्युटरमध्ये उतरवायचं होतं. संध्याकाळी क्लिनिक बंद झालं की मी टाइप करायला बसायचो आणि ते सांगायचे. पण नुसतं बसून त्यांना काही आठवेना. मग ते उठले आणि खोलीतून एक पाय ओढत, खांदा टाकत चालायला लागले. दाराशी पोचेपर्यंत नाव आलं, गाव आलं, माप आलं. त्यानंतर रोज संध्याकाळी ते माझ्यासमोरून एकेका पेशंटची चाल चालत गेले आणि मी त्या सगळ्यांना टाइप करत गेलो. कधी शाळकरी पोर, कधी लाजणारी नवी सून, कधी दारू पिऊन आलेला ट्रक ड्रायव्हर. वर्षा हसून हसून बेजार व्हायची.

एकदा ते काठी टेकल्यासारखा हात धरून, फार हळू निघाले. अर्ध्या खोलीत थांबले. "हे गेले जी मागच्या साली," म्हणाले. मी विचारलं, "मग नको भरू?" काठीचा हात त्यांनी तसाच धरून ठेवला. मग म्हणाले, "भरा. चांगले चालत होते." आणि उरलेली खोली त्यांनी त्याच चालीने पूर्ण केली.

आता सकाळी आल्या आल्या वर्षाला पडद्यावर दिसतं की आज कोणाला फोन करायचा. मेसेज नाही, फोनच, कारण वाचून कोणी येत नाही, बोलावलं की येतात. रोवण्याच्या दिवसांत शेतकऱ्यांना तारीख द्यायची नाही, हेही त्या मुलीने त्यात घातलं आहे. आरोहीचे बूट त्यानंतर वेळेवर बदलले गेले. ती आता अंगणवाडीत जाते, आणि पळते तेव्हा तिच्या आईलाही ती हाती लागत नाही. बूट अजून रात्री झोपेत घालावे लागतात, तेही लवकरच सुटतील असं डॉक्टर म्हणतात.

कारागीरही कार्ड पाहून काम करू लागले, आणि क्लिनिक आता साडभाऊंना न विचारता चालू शकतं हे सगळ्यांत आधी ताईंच्या लक्षात आलं. त्यांची मुलगी पुण्याला असते, तिच्याकडे राहायला जायचं कित्येक वर्षांचं राहिलं होतं. यंदा त्या त्यांना घेऊनच गेल्या. दोन-तीन दिवसांनी दुपारी मला साडभाऊंचा फोन आला.

"वर्षाचा फोन नाही आला," ते म्हणाले. "काहून?"

"सगळं बरोबर चालू आहे म्हणून. मी काल जाऊन आलो."

"कोणी अडलं नाही?"

"नाही."

"मले कोणी विचारलं?"

खोटं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण मी म्हणालो, "विचारलं ना. सर कधी येणार, असं सगळेच विचारतात. पण काम कोणाचं थांबलं नाही."

मागून नातवाचा आवाज येत होता, खाली कुठेतरी गाड्यांचे हॉर्न वाजत होते. मग म्हणाले, "हे चांगलं झालं जी. हेच पाहिजे होतं आपल्याले." आवाज मात्र जरा खाली उतरलेला होता.

मी विषय बदलायला विचारलं, "तिथं दिवसभर काय करता?"

"बाल्कनीत बसतो. खाली मोठा रस्ता आहे. लोक चालून राहिले."

"कसे चालतात पुण्याचे लोक?"

"घाईत," साडभाऊ म्हणाले. मग अगदी प्रेमाने त्यांनी पुढे जोडलं, "पण बरे चालून राहिले."