तिच्या बाजूची जाळी

गाडीच्या एसीत घरी गॅस भरायचा तर आत कुणालातरी बसावं लागतं. मी बॉनेटपाशी डबा धरायचो आणि आतून बायको ओरडायची, "आलं हो गार!" आज आत कुणी नाही. "या भट्टीत मी पुन्हा बसणार नाही," म्हणून ती चिडून भावाकडे गेली आहे. मी म्हणालो होतो, "गार तर येतंय, उगाच कुरकुरतेस."

उद्या तिला आणायला जायचंय. येईल की नाही, ठाऊक नाही.

गॅस भरून तिच्या सीटवर बसलो, तर वारा लागेना. तिच्या बाजूची एसीची जाळीही माझ्या, ड्रायव्हरच्या सीटकडे वळलेली होती. मीच कधीतरी वळवली असणार. इतकी वर्षं शेजारी बसून आमचे उन्हाळे वेगळे होते.

जाळी सरळ केली आणि उतरलो. रिकाम्या सीटवर गार वारा येत राहिला.