लाखांत एक, घरात दोन

पुण्याच्या वारज्यातली ती घटना मी अजून विसरलेलो नाही. शेतांच्या जागी इमारती उठत होत्या, तेव्हाची. एका बांधकामावरच्या वॉचमनच्या डोक्यात रात्री कुणीतरी मागून पहार घातली होती; तो वाचला, पण मारणारा त्याला दिसला नव्हता. पळताना हल्लेखोराचा हात खिडकीच्या फुटक्या काचेनं कापला. तेवढं रक्त आम्हा पोलिसांच्या हाती लागलं.

हातावरची जखम भरून येण्याइतके दिवस गेल्यावर खबऱ्यानं नाव दिलं ते शेजारच्या शेतकरी घरातल्या थोरल्या मुलाचं. शेताची वाट अडवली म्हणून त्यानं वॉचमनला दम भरला होता. मुलगा हिंजवडीत कंपनीत नोकरीला, परदेशी निघालेला. चौकशीत त्याचा एकच धोशा, "मी नाही." काचेवरचं रक्त उन्हानं खराब झालं होतं. डीएनएच्या मोजक्याच खुणा वाचता आल्या, पण त्या सगळ्या त्याच्याशी जुळल्या. असं जुळणं लाखांत एखाद्याचंच, असा अहवाल आला.

आमचे फौजदार खुशीत. "सर, चार्जशीट टाकू?"

"अहो, हे लाख म्हणजे रस्त्यावरचे परके लोक. याच्या घरात कोण कोण आहे, ते आधी बघा."

धाकटा भाऊ निघाला. प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञ बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "सख्ख्या भावाला हा आकडा लागू नाही. इतक्या थोड्या खुणा दोघांच्या सारख्या असू शकतात. नमुना पाठवा."

पाठवला. धाकट्याच्याही खुणा जुळल्या.

मग त्याला समोर बसवलं. "रक्त दोघांशीही जुळतंय. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा आहे. दादाची नोकरी तर गेलीच समज. तुला काही सांगायचंय?"

तो म्हणाला, "दादाला सोडा, सायेब. त्याला काय ठावं नाय. मीच मारलं."

पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही. त्यानं पंचांसमोर कडब्याच्या गंजीतून पहार काढून दिली, तिच्यावर वॉचमनचं रक्त निघालं, तेव्हा केस उभी राहिली.

डीएनएवर माझा पूर्ण विश्वास आहे, आजही छातीठोकपणे सांगतो. पण मोठा आकडा ऐकून तपास थांबवणारा अधिकारी मला कधीच रुचला नाही. तो आकडा कुणाकुणात मोजलाय, हे विचारायला काय जातं?

थोरल्याला सोडलं त्या दिवशी त्यांची आई ठाण्यात आली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "सायेब, एक दिला, एक ठिवला. आता तुमाला हात जोडू का शिव्या देऊ?"

मला फार वाईट वाटलं. "बसा, मावशी," म्हणालो आणि माझी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही.