पायरीमास्तर आणि तीन ओळींचं गणित

संध्याकाळच्या शाळेत बीजगणित शिकवणाऱ्या सरांना सगळे पायरीमास्तर म्हणत. अर्थात त्यांच्या पाठीमागे. दोन घनांची वजाबाकी आली, की आधी दोन्ही कंस पूर्ण उलगडायचे, मग चिन्हं बदलायची, मग सारखी पदं शेजारी आणायची. फळा भरल्याशिवाय गणित सुटलं असं त्यांना वाटतच नसे. दिवसभर काम करून आलेल्या माणसांना जागं ठेवायला यापरता उपाय नाही, असं सरांचं मत. निम्मा वर्ग पेंगत असे, ती गोष्ट वेगळी.

त्या वर्गात मागच्या बाकावर पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यातली एक बाई एकटीच बसायची. पास झाली तर मुकादम होणार, नाहीतर आणखी वर्षभर डिंकाचा डबा. पास व्हायला पस्तीस गुण हवे होते. सरांनी दिले तेहेतीस.

बाई थेट मुख्याध्यापिकेच्या, म्हणजे मोठ्या बाईंच्या, खोलीत गेली. सरांना बोलावणं आलं.

"हे तीन गुणांचं गणित," मोठ्या बाईंनी पेपर पुढे केला. (क्ष + २)³ − (क्ष − २)³ सोपं करायचं होतं. खोकेवालीनं पहिल्या कंसाला अ म्हटलं, दुसऱ्याला ब, आणि अ³ − ब³ चं सूत्र लावलं. अ − ब म्हणजे चार. सूत्रातला दुसरा कंस ३क्ष² + ४. तीन ओळींत उत्तर: १२क्ष² + १६. शेजारी लाल शाईत भोपळा.

"पायऱ्या कुठे आहेत?" सर म्हणाले.

"पण उत्तर?"

"उत्तराचं काय, कुणालाही येतं."

"मग तुम्ही काढून दाखवा की."

कोपऱ्यात फळा होताच. सरांनी बाह्या सरसावल्या आणि दोन्ही कंस असे ऐटीत उलगडले, की बघत राहावं. क्ष³ गेला, १२क्ष गेला, शेवटी आठातून आठ गेले. खाली ठसठशीत रेघ मारून त्यांनी लिहिलं: १२क्ष².

"बघा! हिचे सोळा आले कुठून?"

खोकेवाली चाचरत म्हणाली, "सर, क्षच्या जागी दोन घाला ना. चाराचा घन चौसष्ट, शून्याचा शून्य. चौसष्ट यायला हवेत. तुमचे अठ्ठेचाळीस येतायत."

सरांनी फळ्याकडे पाहिलं. शेवटचा आठ उणे होता, आणि त्याच्या आधीही उणे. ते चिन्ह बदलायचं राहिलं होतं. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्यांत लाल शाईनं गोल केलेली चूक.

"हा खडू नीट उठत नाही," सर म्हणाले.

मोठ्या बाईंनी लाल पेन पुढे केलं. सरांनी भोपळा खोडला, तीन लिहिले, थोडा विचार केला आणि अडीच केले.

"अर्धा कशाचा कापला, सर?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"उत्तराखाली रेघ नाही."

साडेपस्तीस. बाई पेपर घेऊन पळालीच, सरांचा विचार बदलायच्या आत.

घरी जेवताना बायकोनं विचारलं, "गप्प का आज?"

"एक विद्यार्थिनी पास झाली."

"मग तोंड असं का? तुमच्यामुळे झाली का?"

सरांनी पाण्याचा पेला उचलला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात तेच गणित फळ्यावर घेतलं, तीन ओळींत सोडवलं आणि म्हणाले, "ही माझी एक जुनी पद्धत. अवघड आहे, म्हणून आजवर दाखवली नव्हती."

मागचा बाक रिकामा होता.